आर्थर वेलस्ली आणि युद्धाची मर्यादा : अडगाव-गाविलगड ते जिनीव्हा

अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला जाणाऱ्यांना गाविलगडाची तटबंदी परिचयाची आहे. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव हे गावही आपल्या अनेक वाचकांच्या जाण्यायेण्यातले आहे. इ. स. १८०३ च्या हिवाळ्यात अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने या दोन ठिकाणी दोन मोठ्या लढाया झाल्या आणि वऱ्हाडचे भवितव्य बदलले. दोन्ही लढायांत इंग्रजांच्या बाजूचा सेनापती एकच होता : मेजर जनरल आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

वेलस्लीची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यांत त्याचे डावपेच, त्याची शिस्त आणि त्याचे विजय यांचे वर्णन विस्ताराने येते. आम्ही येथे त्याच्या आयुष्याकडे वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. समोर उभा असलेला शस्त्रधारी मनुष्य शत्रुराज्याचा सैनिक आहे, बंडखोर आहे की केवळ लुटारू आहे, हे कोणी ठरवायचे? शरण येणाऱ्याला अभय कोणाला द्यायचे आणि कोणाला नाकारायचे? शत्रूला दिलेला शब्द कोणावर आणि कोठवर बंधनकारक असतो? हे प्रश्न वेलस्लीपुढे वारंवार आले. आज आंतरराष्ट्रीय कायदा सशस्त्र संघर्षांचे वर्गीकरण करतो तेव्हा त्याच्या मुळाशी हेच प्रश्न असतात. विजेत्याचा गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही. आपल्याच मातीत घडलेल्या प्रसंगांतून या कायद्याची गरज समजून घ्यावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जन्म आणि भारतात आगमन

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ साली आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. त्याचे घराणे प्रॉटेस्टंट सरदारांचे होते. भोवतालची बहुसंख्य प्रजा मात्र कॅथोलिक होती आणि तिला अनेक नागरी हक्क नाकारलेले होते. राजा आणि प्रजा यांच्यात धर्माची भिंत असलेल्या देशात त्याचे बालपण गेले. ही गोष्ट पुढे त्याच्या आयुष्यात महत्त्वाची ठरली. इटन येथील शाळा आणि फ्रान्समधील आंजे येथील अश्वविद्येचे विद्यालय असे शिक्षण घेऊन तो १७८७ साली सैन्यात दाखल झाला.

१७९७ साली आपल्या ३३ व्या पलटणीसह तो कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या रात्री विजयी फौजेने शहरात बेसुमार लूट केली. दुसऱ्या दिवशी शहराचा ताबा आर्थरकडे आला. त्याने लुटारू सैनिकांना फटक्यांची आणि काहींना फाशीची शिक्षा देऊन शहरात शांतता आणली. पराभूत शहरातील रयतेला लुटू नये, हा नियम त्याने आयुष्यभर धरला. मात्र तो प्रत्येक वेळी पाळला गेला असे म्हणता येत नाही.

धोंडिया वाघ : राजा की लुटारू?

टिपूच्या तुरुंगातून श्रीरंगपट्टणच्या पाडावाच्या वेळी सुटलेला धोंडिया वाघ याने टिपूच्या विखुरलेल्या घोडेस्वारांना एकत्र केले. दोन्ही लोकांचा अधिपती अशी पदवी त्याने स्वतः धारण केली. त्याच्यापाशी हजारोंची फौज होती, काही किल्ले होते आणि तो खंडणी वसूल करीत होता. तरीही कंपनी सरकारच्या दृष्टीने तो राजा नव्हता. तो सापडताच जवळच्या झाडाला फाशी द्यावे, अशी मद्रास सरकारची आज्ञा होती. पेशव्यांच्या संमतीने वेलस्ली मराठी मुलखात शिरला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी झालेल्या चकमकीत धोंडिया ठार झाला.

धोंडियाच्या सामानात त्याचा लहान मुलगा सलाबतखान सापडला. वेलस्लीने त्या मुलाला आपल्या आश्रयाला ठेवले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी रक्कम बाजूला ठेवली. ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे आणि ती खरीच स्तुत्य आहे. परंतु त्यातून एक विसंगतीही दिसते. बापाला लुटारू हे नाव लागले म्हणून त्याला चौकशीशिवाय फास, आणि मुलाला अभय मिळाले ते एका सेनापतीच्या मनात दया आली म्हणून. नियम असा कोणताच नव्हता. सेनापती दुसरा असता तर मुलाचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

वसईचा तह आणि युद्धाची सुरुवात

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी कंपनीशी तह केला. या तहाने इंग्रजी फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची राहणार होती. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. आपल्याला न विचारता मराठी राज्यमंडळाचे स्वातंत्र्य गहाण टाकले गेले, अशी त्यांची भावना होती.

येथे कायद्याचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. एखाद्या राज्याच्या प्रमुखाने परकी सैन्य बोलावले आणि त्याच राज्याच्या बलाढ्य सरदारांनी त्याला विरोध केला, तर ते युद्ध दोन राज्यांमधले मानायचे की एका राज्याच्या अंतर्गत? शिंदे आणि भोसले हे नावाने पेशव्यांचे सरदार होते. व्यवहारात ते स्वतंत्र राजे होते. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात एक व्यापारी संस्था. तिला सनदेने तह आणि युद्ध करण्याचा अधिकार मिळालेला होता. वेलस्लीने या वादात फारसा वेळ घालवला नाही. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला, ही बातमी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येताच त्याने शिंद्यांना पत्राने युद्ध कळवले आणि अहमदनगरवर (आताचे अहिल्यानगर) चाल केली.

१२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरच्या किल्लेदाराने किल्ला खाली केला. त्याला आणि त्याच्या शिबंदीला खाजगी मालमत्तेसह सुखरूप जाऊ देण्यात आले. आपल्याकडे अशा आश्वासनाला कौल म्हणत. वेळेवर कौल मागणाऱ्याला तो मिळाला आणि पाळलाही गेला. २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातील असई येथे मोठी लढाई झाली. तीत इंग्रजांकडील मृत आणि जखमींची संख्या दीड हजारांवर गेली. मराठ्यांची हानीही फार मोठी होती.

अडगाव : तहकुबी कोणाशी होती?

असईनंतर युद्ध वऱ्हाडकडे सरकले. नोव्हेंबरमध्ये शिंद्यांचा वकील वेलस्लीच्या छावणीत आला आणि २३ तारखेला युद्धतहकुबी ठरली. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेस वीस कोस दूर जावे अशी तिची अट होती. भोसल्यांकडून कोणी वकील आलेला नव्हता. त्यामुळे भोसले या तहकुबीत नव्हते. दोन मित्रांना एकमेकांपासून वेगळे करणे वेलस्लीच्या सोयीचेच होते.

२९ नोव्हेंबरला वेलस्लीची फौज पुढे सरकली तेव्हा अडगावच्या मैदानात शिंद्यांचे घोडदळ आणि रघूजींचे बंधू व्यंकोजी भोसले यांची फौज एकत्र उभी असलेली दिसली. शिंद्यांच्या वकिलांनी आपल्या धन्याच्या फौजेवर हल्ला न करण्याची विनंती केली. भोसल्यांशी आपली तहकुबी नाही आणि शिंद्यांनी अट पाळली नसल्याने त्यांच्याशीही ती अमलात आलेली नाही, असे वेलस्लीचे उत्तर होते. दुपार कलल्यावर लढाई सुरू झाली. तोफांच्या पहिल्या माऱ्यात इंग्रजांच्या तीन देशी पलटणी बिथरल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले. सूर्यास्तापर्यंत मराठी फौज मोडली आणि चांदण्यात तिचा पाठलाग झाला. इंग्रजांकडील मृत आणि जखमी साडेतीनशेच्या आसपास होते. पाठलागात पडलेल्या मराठी शिपायांची नेमकी गणती कोणी ठेवली नाही.

वेलस्लीचा युक्तिवाद कायद्याच्या अक्षराला धरून होता, असे म्हणता येईल. पण अट मोडली आहे हे ठरवणारा तोच होता आणि त्या निर्णयाने लाभ होणाराही तोच होता. पुढे १९०७ च्या हेग येथील नियमांत तहकुबीवर स्वतंत्र कलमे आली. ती कोणत्या फौजेला केव्हा कळवायची, एका बाजूने गंभीर भंग केल्यास दुसरीने काय करायचे, हे त्यांत लिहिले गेले. अडगावसारख्या संध्याकाळी संशयाला जागा राहू नये, हाच या कलमांचा हेतू होता.

गाविलगड

अडगावच्या जखमींसाठी एलिचपूर येथे रुग्णालय उभारून वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गाविलगडाकडे वळले. सातपुड्याच्या माथ्यावरील या किल्ल्यात अडगावहून निसटलेले भोसल्यांचे पायदळ आश्रयाला आले होते. राजपूत सरदार बेनीसिंह किल्ल्याचा बचाव करीत होता. स्टीव्हन्सनच्या तुकडीने धामणगावकडून डोंगरातून सुमारे तीस मैल वाट काढीत अवजड तोफा किल्ल्याच्या उत्तर बाजूला नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधले गेले. तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी सुलतानढवा झाला. आतल्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी आत उतरली आणि तिने दरवाजा उघडला.

पुढे झाली ती कत्तल. किल्ल्यातील शिबंदीची फार मोठी संख्या मारली गेली. दरवाजापाशी पडलेल्या प्रेतांच्या राशीत बेनीसिंहाचा देह सापडला. सरदारांच्या घरच्या स्त्रियांनी जोहार करावा असे ठरले होते. पण तो पुरता पार पडला नाही आणि त्यांतील मोजक्याच मरण पावल्या. हल्लेखोरांची हानी या मानाने अल्प होती.

गाविलगडच्या रक्तपाताला त्या काळच्या युद्धरूढीत बेकायदेशीर मानले जात नव्हते. तटाला खिंडार पडल्यानंतरही जो किल्ला शरण येत नाही आणि हल्ला करून घ्यावा लागतो, त्यातील शिबंदीला अभय मागण्याचा हक्क राहत नाही, अशी युरोपातील जुनी रूढी होती. वेलस्लीला ही रूढी मान्य होती. १८२० साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने असा विचार मांडला की, स्पेनमधील एका किल्ल्यातील शिबंदी कापून काढली असती तर पुढचा किल्ला लवकर शरण आला असता आणि आपली माणसे वाचली असती. लुटारू सैनिकाला फासावर देणारा हाच मनुष्य शरण येऊ पाहणाऱ्या शत्रूच्या जिवाकडे अशा हिशेबाने पाहत होता, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही.

देवगावचा तह

गाविलगड पडल्यानंतर दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगाव येथे रघूजी भोसल्यांशी तह झाला. कटक प्रांत कंपनीला मिळाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा चार लाख उत्पन्नाचा मुलूख मात्र भोसल्यांकडे राहिला. ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे शिंद्यांशी तह झाला. आजच्या अमरावती जिल्ह्यातील या दोन गावांची नावे त्यामुळे जगाच्या तहांच्या इतिहासात नोंदली गेली.

या तहांत भोसले आणि शिंदे यांना राजे म्हणून वागवले गेले. तीन वर्षांपूर्वी धोंडिया वाघाला फासाची आज्ञा आणि आता भोसल्यांना तहनामा. दोघेही शस्त्र घेऊन कंपनीशी लढले होते. फरक होता तो त्यांना लावलेल्या नावाचा आणि त्यांच्या हातातील सत्तेचा. लढलेल्या शिपायाच्या दृष्टीने पाहिले, तर मालकाच्या पदवीवर आपला जीव अवलंबून असावा, हे न्यायाचे नव्हते.

पोर्तुगाल आणि स्पेन

१८०५ साली वेलस्ली हिंदुस्थानातून परतला. १८०८ मध्ये तो पोर्तुगालला गेला. त्या कॅथोलिक देशात उतरण्यापूर्वी त्याने फौजेला जो हुकूम काढला तो आपल्या वाचकांना रुचेल. तेथील धर्माचारांचा मान राखावा, रस्त्याने पवित्र साक्रामेंत नेले जात असता अधिकाऱ्यांनी थांबून टोपी काढावी आणि पहारेकऱ्यांनी शस्त्रवंदना द्यावी, असे त्यात होते. त्याची फौज बहुतांशी प्रॉटेस्टंट देशाची होती. मात्र तिच्यात आयरिश कॅथोलिक शिपाईही हजारोंनी होते.

त्याच वर्षी विमेइरोच्या विजयानंतर सिंत्रा करार झाला. पराभूत फ्रेंच सैन्याला शस्त्रे आणि सामानासह इंग्रजी जहाजांतून मायदेशी पोचवण्याचे त्यात ठरले. पोर्तुगालच्या लुटीचा मालही त्याबरोबर गेला. इंग्लंडमध्ये मोठा गहजब झाला आणि चौकशी बसली; पण शत्रूला दिलेला शब्द पाळला गेला.

१८१२ च्या एप्रिलमध्ये बदाहोज शहर घेताना त्याचे सुमारे पाच हजार सैनिक मृत वा जखमी झाले. खिंडारातील प्रेते पाहून वेलिंग्टनला अश्रू आवरले नाहीत. मात्र त्याच्याच सैन्याने त्या शहरातील स्पॅनिश नागरिकांवर, म्हणजे मित्रराष्ट्राच्या प्रजेवर, अनेक दिवस अनन्वित अत्याचार केले. १८१३ मध्ये सान सेबास्तियान शहर जळून गेले. अभय नाकारण्याची रूढी एकदा मान्य केली की ती शत्रूच्या शिबंदीपाशी थांबत नाही, रयतेच्या घरात शिरते, हे या दोन शहरांनी दाखवले.

याच स्पेनमधील सालामांका येथे जुलै १८१२ मध्ये वेलिंग्टनने मोठा विजय मिळवला. त्या शहराच्या विद्यापीठात सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूंनी युद्धाच्या न्यायावर व्याख्याने दिली होती. ख्रिस्ती नसलेल्या लोकांचीही राज्ये खरी राज्ये असतात आणि निरपराधांना जाणूनबुजून मारणे न्याय्य नाही, अशी त्यांची शिकवण होती. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आद्य आचार्यांत त्यांची गणना होते. विचार जुना होता. तो रणांगणावर बंधनकारक व्हायला मात्र शतके लागली.

फ्रान्सच्या भूमीत शिरताना वेलिंग्टनने बदाहोजचा धडा गिरवला. स्पॅनिश सैनिक सूड घेतील या भीतीने त्याने त्यांतील बहुतेकांना परत पाठवले. धान्य आणि वैरण पैसे देऊन घेतली. लूट करणाऱ्यांना कठोर शिक्षा केल्या. परिणाम असा झाला की फ्रेंच शेतकरी त्याच्याविरुद्ध उठले नाहीत.

नेपोलियन आणि मार्शल ने

१८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून परतला तेव्हा वेलिंग्टन व्हिएन्ना येथे इंग्लंडचा प्रतिनिधी होता. १३ मार्चला तेथील राष्ट्रांनी नेपोलियनला सर्व नागरी व सामाजिक संबंधांच्या बाहेरचा ठरवणारा जाहीरनामा काढला. त्यावर वेलिंग्टनचीही सही होती. एका सम्राटालाही धोंडिया वाघाच्या रांगेत बसवण्याचा हा प्रकार होता. १८ जूनला वॉटर्लू झाले. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याला नेपोलियन सापडताच गोळ्या घालायच्या होत्या. वेलिंग्टनने त्याला ठाम विरोध केला. तो निर्णय राजांनी घ्यावा, सेनापतींनी जल्लादाचे काम पत्करू नये, अशी त्याची भूमिका होती. पॅरिसमधील येना पूल सुरुंगाने उडवण्याच्या ब्ल्यूखरच्या बेतालाही त्याने हरकत घेतली.

मार्शल ने याच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. ३ जुलै १८१५ च्या पॅरिसच्या शरणागती करारातील बाराव्या कलमाने शहरातील लोकांना पूर्वीच्या वर्तनाबद्दल त्रास दिला जाणार नाही, असे आश्वासन होते. ने याने त्याचा आधार घेतला. हा करार फक्त ते करणाऱ्या सेनापतींवर बंधनकारक आहे, फ्रान्सच्या राजावर नाही, असे सांगून वेलिंग्टनने मध्यस्थी नाकारली. ७ डिसेंबरला ने याला गोळ्या घातल्या गेल्या. अडगावप्रमाणेच येथेही शब्दाचा अर्थ अगदी अरुंद केला गेला.

कॅथोलिकांच्या हक्कांचा कायदा

१८२८ साली वेलिंग्टन इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्या काळी संसदेत बसण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला, मिस्सेत भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होते हे नाकारणारी शपथ घ्यावी लागे. कोणताही कॅथोलिक ती घेऊ शकत नसे. जुलै १८२८ मध्ये आयर्लंडच्या क्लेअर मतदारसंघातून डॅनिएल ओकॉनेल हे कॅथोलिक पुढारी निवडून आले आणि पेच उभा राहिला. त्यांना बाहेर ठेवले असते तर आयर्लंड पेटले असते.

वेलिंग्टन आयुष्यभर या सुधारणेच्या विरोधी पक्षात वावरला होता. तरी त्याने आपले मत बदलले. राजा चौथा जॉर्ज याचे मन वळवले आणि आपल्याच पक्षाचा रोष पत्करला. एका उमरावाच्या आरोपामुळे मार्च १८२९ मध्ये त्याला द्वंद्वयुद्धालाही उभे राहावे लागले. संसदेत त्याने दिलेले मुख्य कारण धर्माचे नव्हते, युद्धाचे होते. आपण बहुतेकांपेक्षा अधिक युद्धे पाहिली आहेत आणि ज्या देशावर आपले प्रेम आहे तेथे एक महिन्याचे यादवी युद्ध टळत असेल तर आपण स्वतःचा प्राणही देऊ, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. १३ एप्रिल १८२९ रोजी कायदा मंजूर झाला. तो परिपूर्ण नव्हता. आयर्लंडमधील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेल्यामुळे गरीब शेतकऱ्यांचे मत गेले आणि येशूसंघासारख्या संघांवर निर्बंध राहिले. तरीही न्याय दिल्याने युद्ध टळते, हे एका सेनापतीने मान्य केले, हे या कायद्याचे महत्त्व आहे.

स्पेनमधील एलियट करार

वेलिंग्टनच्या आयुष्यातील सर्वात कमी ठाऊक असलेले पान हेच आहे. १८३३ पासून स्पेनमध्ये बाल राणी इसाबेल आणि तिचे काका डॉन कार्लोस यांच्या पक्षांत यादवी युद्ध पेटले होते. दोन्ही पक्ष कॅथोलिक होते. प्रत्येक पक्ष दुसऱ्याला राजद्रोही म्हणत असे आणि सापडलेल्या कैद्यांना गोळ्या घालत असे.

१८३४ च्या अखेरीस वेलिंग्टन परराष्ट्रमंत्री झाला. त्याने लॉर्ड एलियट यांना स्पेनला पाठवले. एप्रिल १८३५ मध्ये दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी करारावर सह्या केल्या. कैद्यांना जीवदान द्यावे, त्यांची नियमित अदलाबदल करावी, जखमी आणि आजारी यांना इजा करू नये, केवळ मतांसाठी कोणाला चौकशीशिवाय मारू नये, असे त्यात ठरले. राजद्रोही कोण या वादाचा निकाल न लावता कैद्यांचा जीव वाचवता येतो, ही या करारातील मोठी गोष्ट होती.

मर्यादाही लगेच दिसल्या. करार उत्तरेकडील प्रांतांपुरताच होता. त्याच वर्षी जूनमध्ये, राणीच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांना तो लागू नाही, असे डॉन कार्लोस यांनी जाहीर केले आणि सापडलेल्या काही इंग्रज सैनिकांना प्राणास मुकावे लागले. वर्गीकरणाची एक फट राहिली आणि तिच्यातून मृत्यू आत आला. तरीसुद्धा गाविलगडच्या विजेत्याच्या हातून, उतारवयात का होईना, हे काम झाले. त्याच्या अंतःकरणात किती पालट झाला होता हे आम्ही सांगू शकत नाही; कृती मात्र इतिहासात नोंदली आहे.

मृत्यू आणि त्यानंतरचा कायदा

१४ सप्टेंबर १८५२ रोजी वेलिंग्टनचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरण्यात आले. सातच वर्षांनी, १८५९ मध्ये, सोल्फेरिनोच्या लढाईतील बेवारस जखमी पाहून आन्री द्युनाँ यांचे हृदय हेलावले आणि त्यांच्या प्रयत्नांतून रेडक्रॉस व १८६४ चा पहिला जिनीव्हा करार उदयास आला. १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांनी अभय नाकारण्याची घोषणा करण्यास स्पष्ट बंदी केली. गाविलगडची जुनी रूढी कायद्याने मोडीत निघाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार जिनीव्हा करार झाले. त्यांनी संघर्षांचे दोन मुख्य वर्ग केले. दोन वा अधिक राष्ट्रांमधील संघर्ष हा पहिला वर्ग. युद्ध जाहीर केलेले असो वा नसो, तसेच परमुलखाचा ताबा विनाविरोध मिळालेला असो, पूर्ण करार लागू होतात आणि पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. एका राष्ट्राच्या हद्दीत सरकार आणि सशस्त्र गट यांच्यातील, किंवा अशा गटांमधील, संघर्ष हा दुसरा वर्ग. त्याला चारही करारांत समान असलेले तिसरे कलम लागू होते. शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी किंवा पकडलेल्या माणसाला माणुसकीने वागवावे, त्याचा छळ करू नये, ओलीस ठेवू नये, रीतसर न्यायालयाच्या निकालाशिवाय त्याला मारू नये, असे ते कलम सांगते. बंडखोरावर देशाच्या कायद्यानुसार खटला चालू शकतो. या कलमाच्या पालनाने कोणत्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, असेही त्यात नमूद आहे. एलियट कराराचे मर्म ते हेच.

दंगल आणि तुरळक हिंसाचार यांना हे करार लागू होत नाहीत. तेथे देशाचा कायदा आणि मानवी हक्कांचे नियम चालतात. सीमारेषा कोठे आखायची, यासाठी माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९५ मध्ये टाडिच खटल्यात कसोटी दिली : हिंसाचार दीर्घकाळ चालणारा आणि तीव्र असावा, आणि लढणारा गट संघटित असावा. १९७७ मध्ये दोन पूरक मसुदे जोडले गेले. भारताने १९५० मध्ये जिनीव्हा करारांना मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. १९७७ चे मसुदे मात्र स्वीकारलेले नाहीत.

या चौकटीत १८०३ चे युद्ध ठेवून पाहिले, तर तहनाम्यांवरून भोसले आणि शिंदे यांच्याशी झालेला संघर्ष राष्ट्रांमधील संघर्षाच्या जवळ जातो, आणि पेशव्यांच्या संमतीने धोंडिया वाघाविरुद्ध चाललेली मोहीम दुसऱ्या वर्गात बसते. दोन्ही वर्गांचे नियम आजही सारखे नाहीत. परंतु ज्याने शस्त्र टाकले त्याला मारू नये, हा नियम दोन्हींकडे सारखाच आहे. बेनीसिंहाच्या शिपायांना आणि धोंडियाच्या घोडेस्वारांना तो सारखाच लागू झाला असता. धोंडियाच्या लहान मुलाला अभय मिळण्यासाठी एखाद्या सेनापतीच्या दयेची वाट पाहावी लागली नसती. तो त्याचा हक्क ठरला असता.

आज जगात अनेक ठिकाणी समोरच्याला दहशतवादी, घुसखोर वा देशद्रोही असे नाव देऊन त्याच्या जिवाचे मोल शून्यावर आणले जाते. अशी बातमी वाचनात आली, की त्याला कोणते नाव दिले आहे याआधी त्याने शस्त्र खाली ठेवले होते का, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. अडगाव आणि गाविलगड ज्या प्रदेशात आहेत, त्या वऱ्हाडातील लोकांना हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.